छपरावरचं हळदीकुंकू

मला लवकर राग येतो, हे आधीच सांगून टाकते. घरचे म्हणतात, हिच्या नाकाच्या शेंड्यावरच राग ठेवलेला असतो. असेल. पण इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला जो आला तो अजून उतरलेला नाही, आणि उतरावा असं मला काही वाटत नाही.

गोष्ट एका घराची आहे. घर म्हणजे दोन खोल्यांचं, प्लायवूडचं, जेवणाच्या टेबलाएवढं. परभणीच्या कॉलेजात, इलेक्ट्रिकलच्या शेवटच्या वर्षाला, आम्ही ते प्रोजेक्ट म्हणून केलं. छपरावर सौर पॅनेल, आत एक बॅटरी, चार दिवे, एक चिमुकला पंखा आणि मोबाइल चार्ज करायला जागा. बाहेरून वीज घ्यायची नाही. दिवसभरात ऊन जेवढं देईल तेवढ्यावर दिवस-रात्र संसार चालवायचा. सांगायला एवढंच आहे, पण त्याच्या पोटात सगळा हिशोब असतो. किती येते, किती खर्च होते, दोन दिवस आभाळ आलं तर काय करायचं. दिवा कोणीही लावतं, खरी अक्कल लागते ती कुठला दिवा लावायचा नाही हे ठरवायला.

हा विषय मी हट्टानं घेतला होता. आमच्या झरीला, आमच्या वस्तीतल्या विहाराला लागून एक खोली आहे. तिला सगळे अभ्यासिका म्हणतात. पोलीस भरतीवाले, तलाठ्याची परीक्षा देणारे, दहावी-बारावीची पोरं-पोरी, सगळ्यांचा तोच आसरा. संध्याकाळी वंदना झाली की जो तो आपली जागा धरून बसतो आणि नेमकी तेव्हाच लाईट जाते. डीपी, म्हणजे गावचा ट्रान्सफॉर्मर, जळाली तर मग विचारायलाच नको, नवी येईपर्यंत बसा बोंबलत. मी स्वतः बारावीचा अभ्यास तिथंच केला. केला म्हणजे अर्धा केला, अर्धा वेळ लाईट कधी येते ते बघत बसले.

तर विहाराच्या समितीनं त्या वर्षी मनावर घेतलं की आता कायमचं काहीतरी करायचं. निम्मे लोक म्हणाले जनरेटर घ्या, निम्मे म्हणाले सोलर बसवा. समितीचे अध्यक्ष म्हणजे आमच्या गल्लीतले काका. सगळी नोकरी पूर्णेला रेल्वेत गेली, त्यामुळे त्यांना सगळं वेळेवर आणि डोळ्यांनी बघून लागतं. बैठकीत तेच म्हणाले, “आपली पोरगी त्याच्यातच शिकायलीय. घराचं मॉडेल करायलीय म्हणती. आपुन जाऊन बघू. तिचं घर चाललं तर सोलर, न्हाई चाललं तर जनरेटर. खामखा भांडायचं कशाला?”

सगळ्यांना पटलं. मलाही पटलं. तेव्हा मला काय माहीत, घर चालवायला फक्त ऊन पुरत नाही.

गटात आम्ही तिघं होतो. मी, एक सेलूचा आणि एक पूर्णेचा. सेलूवाल्याच्या घरी कापसाचा व्यापार. मनानं चांगला, पण त्याला प्रोजेक्ट म्हणजे दुकानाची सजावट वाटायची. मी वायरिंगला बसले की हा बाजारातून काहीतरी घेऊन यायचा. कधी हिरवं प्लास्टिकचं गवत, कधी अंगणात ठेवायला खेळण्यातली गाय. एकदा पाण्याचं कारंजं आणलं, आत छोटा पंप असलेलं. मी म्हटलं, “याला वीज कोण देणार?” तर म्हणे, “अगं एवढंसं तर हाय. शोभा येती.” पूर्णेवाला रोज रेल्वेनं ये-जा करायचा. हुशार होता, खरंच हुशार, पण तीन वाजले की त्याचे डोळे घड्याळाकडे. पाना हातात असला तरी तो टेबलावर ठेवून म्हणायचा, “गाडी जाईल माझी.” आणि कोणालाही नाही म्हणायला त्याची जीभ रेटायची नाही. काहीही सांगा, उत्तर एकच, “हाव.”

आणि आमचे विभागप्रमुख सर. मार्गदर्शक तेच. पहिला नकाशा मी त्यांना दाखवला तेव्हा त्यांनी चष्मा वर केला आणि विचारलं, “छप्पर दक्षिणेकडे?”

“हो सर. ऊन दक्षिणेकडून मिळतं.”

“घराचं तोंड दक्षिणेला चांगलं नसतं.”

“तोंड नाही सर, छप्पर आहे.”

“लोक बघतात तेव्हा छप्पर आणि तोंड वेगळं बघत नाहीत.”

इलेक्ट्रिकलमध्ये डॉक्टरेट केलेला माणूस. मी काय बोलणार? आठवडाभर त्या दक्षिणेवर घोडं अडलं. शेवटी मी पूर्वेला मोठं दार केलं, त्याला तोरण रंगवलं, उंबरा रंगवला, आणि छप्पर गुपचूप दक्षिणेला उतरतं ठेवलं. सरांनी दार बघितलं, मान डोलावली, सही केली. त्या तोरणापायी माझी एक आख्खी दुपार गेली. वीज त्यातून शून्य.

पण घर झालं. आणि चाललं, हे मला ठासून सांगायचंय. फेब्रुवारी संपता संपता आम्ही ते कॉलेजच्या गच्चीवर नेऊन ठेवलं. जिन्यानं वर चढवताना तिघांचा जीव मेटाकुटीला आला. आख्खा दिवस ऊन खाऊ दिलं, संध्याकाळी दिवे लावले, पंखा लावला, आणि गच्चीला कुलूप घालून मी झरीला गेले. डोळ्याला डोळा लागला नाही. सकाळी पहिल्या गाडीनं आले, गच्चीवर गेले, तर चारी दिवे चालू, पंखा गरगर फिरतोय आणि बॅटरीत अजून शिल्लक. मी तिथंच खाली बसले. एकटीच होते, म्हणून मनसोक्त हसून घेतलं. मग काकांना फोन लावला. म्हटलं, “काका, चाललं.”

काका म्हणाले, “मग आमी बघायला येतो. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत झालं म्हंजी कोणी नंतर बोट दाखवणार न्हाई.”

मी म्हटलं, मार्चमध्ये प्रदर्शन आहे, तेव्हाच या. तिथंच माशी शिंकली. त्याच दिवशी गच्चीवर बोलावलं असतं तर आज हे लिहायची वेळ आली नसती.

प्रदर्शनाच्या सकाळी मी कॉलेजात पोहोचले आणि कपाळावर हात मारला. मैदानात हा एवढा मांडव. वर दुहेरी कापड, बाजूनं कनाती, आत पंखे. सगळी मॉडेलं मांडवात ओळीनं लावलेली आणि आमचं सौरघर बरोब्बर मध्यभागी, सगळ्यात गडद सावलीत. मानाची जागा म्हणे.

मी सरांकडे गेले. “सर, आपलं घर उन्हात लागतं.”

“उन्हात पाहुणे उभे राहतील का? मार्चचं ऊन आहे. कोणाला चक्कर आली तर?”

“सर, पण ते उन्हावर चालतं.”

“बॅटरी आहे ना त्यात? मग चालेल की.”

आता बॅटरी होती, भरलेली होती, हे खरं. नुसते माझे चार दिवे आणि पंखा असता तर संध्याकाळपर्यंत आरामात गेलं असतं. पण सेलूवाल्यानं पहाटेच येऊन काम उरकलं होतं. छपराच्या कडेनं रंगीत दिव्यांची माळ सोडलेली, अंगणात कारंजं उडतंय, आणि हे सगळं माझ्या बॅटरीला जोडलेलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हटलं, “काढ हे.” तो म्हणाला, “सरांनीच सांगितलं, उठून दिसलं पाहिजे म्हणून.” सरांकडे बघितलं तर सर दुसरीकडे बघायलेत.

मी भांडले. भांडून भांडून एवढं मिळालं की टेबल मांडवाच्या कडेला न्यायचं. तिथली कनात मी स्वतः गुंडाळून वर बांधली आणि ऊन छपरावर आलं. मीटर लावून बघितलं, पॅनेल भरभरून द्यायला लागलं होतं. हिशोब केला. माळ आणि कारंजं धरूनसुद्धा दुपार निघाली असती. जीव भांड्यात पडला.

मग प्रमुख पाहुणे आले. उद्घाटन कशाचं करायचं, तर घराचं. नवीन घर आहे, मग त्याची पूजा नको? नारळ, उदबत्ती, ताम्हनात हळदीकुंकू, झेंडूचा हार, सगळं तयार होतं. आमच्या घरात पूजा नसते, विहारात वंदना असते. पण कॉलेजात प्रत्येक मशीनची पूजा होते आणि त्यावरून मी कधी कोणाशी वाद घातला नव्हता. ज्याची त्याची श्रद्धा. माझं भांडण कुंकवाशी नव्हतंच, माझं भांडण सावलीशी होतं. पाहुण्यांनी बोट ओलं केलं आणि थेट पॅनेलवर कुंकवाचं ठसठशीत स्वस्तिक काढलं. त्यावर हार ठेवला. टाळ्या झाल्या आणि माझ्या मीटरचा आकडा खाली आला.

पॅनेलचं असं असतं की त्यातल्या पट्ट्या एकीला एक अशा जोडलेल्या असतात. शेतात पाइपावर एका जागी कोणी पाय दिला की पुढची सगळी सरी कोरडी, तसं. एका पट्टीवर सावली पडली तरी बाकीच्यांचं येणं अडतं. एवढासा हार, पण घराचा घास काढून घेतो. मी हार उचलायला हात लावला तर सर हळूच म्हणाले, “अगं, पाहुणे अजून इथंच आहेत. त्यांच्यासमोर त्यांचा हार काढतेस?”

काकांची गाडी यायची वेळ झाली होती. कॉलेज त्यांना सापडलं नसतं, म्हणून आणायला मलाच बसस्टँडवर जायचं होतं. मी पूर्णेवाल्याला बाजूला घेतलं. म्हटलं, “हे बघ, पाहुणे चहाला गेले की हार काढायचा, ओल्या फडक्यानं काच पुसायची आणि माळ बंद करायची. एवढंच काम आहे. माझी इज्जत तुझ्या हातात आहे.”

तो म्हणाला, “हाव.”

जिंतूर गाडीनं काका आले. बरोबर समितीतले आणखी दोघं होते, एक आमच्या शाळेतल्या बाई आणि दुसरे त्यांचे मिस्टर. तिघांनीही धुतलेले पांढरे कपडे घातलेले. बाई रिक्षात माझा हात धरून म्हणाल्या, “लय बरं वाटायलंय ग.” वाटेत मी त्यांना सगळं समजावलं. बाहेरून एक थेंब वीज नाही, काका. सगळी वरची.

मांडवात पोहोचलो तर घर लखलखत होतं. माळ चालू, कारंजं उडतंय, चारी दिवे, पंखा. एवढं कधीच उजळलं नव्हतं. भोवती ही गर्दी. काकांचा चेहरा असा फुलला की मी माझी चिंता विसरले. ते वाकून खिडकीतून आत बघायला लागले, बाईंना दिवे दाखवायला लागले. अभ्यासिकेत असे किती लागतील, ते आपसात मोजायला लागले.

मग माझी नजर छपरावर गेली. पॅनेल दिसतच नव्हतं. पुढं नारळ, उदबत्ती, उंबरा, तोरण बघून येणाऱ्या-जाणाऱ्यांनी ते घर देवघरासारखं धरलं होतं. गावाकडून आलेल्या पोरांच्या आया एकेक करून येत होत्या, ताम्हनातलं हळदीकुंकू चिमटीनं वाहत होत्या, फूल ठेवून नमस्कार करत होत्या. पाहुण्यांनी जिथं काढलं तिथंच त्यांनीही वाहिलं. सगळं छप्पर लालपिवळं. पूर्णेवाला शेजारी उभा राहून सगळ्यांना हात जोडत होता.

आणि काकांनी विचारलं, “माय, ही वायर कुठं चाललीय?”

घराच्या मागून एक काळी वायर निघाली होती, टेबलाच्या कापडाखालून मांडवाच्या खांबाला, आणि खांबावर एक्स्टेंशन बोर्ड. सेलूवाल्यानं अडॅप्टर लावला होता. मी नसताना बॅटरी बसली, दिवे विझायला लागले, तर ह्यानं आमची अब्रू वाचवली. तसं त्यानं मला नंतर सांगितलं, अगदी अभिमानानं.

माझं डोकं सटकलं. मी काही विचार केला नाही. काकांसमोर, सगळ्यांसमोर गेले आणि खांबावरची पिन ओढून काढली. मला दाखवायचं होतं की आम्हाला याची गरज नाही.

सगळं विझलं. दिवे गेले, माळ गेली, पंखा दोन गिरक्या घेऊन थांबला, कारंज्याचं पाणी खाली बसलं. एक बाई कुंकू वाहत होती, तिनं घाबरून हात मागं घेतला.

मी बोलत सुटले. माळ कोणाची, कारंजं कोणाचं, हारानं काय होतं, पट्ट्या कशा जोडलेल्या असतात, बॅटरी एकदा पार बसली की वर यायला वेळ घेते. हारही काढला, ओढणीनं काच पुसायला लागले, ओढणीची वाट लागली. म्हटलं, “काका, दोन-अडीच तास थांबा. नुसतं उन्हात ठेवते. तुमच्या डोळ्यांसमोर लावते.”

काका म्हणाले, “तू सांगायलीस ते खरंच असल, बाई. तुला का खोटं बोलायचंय? पण वायर काढली की विझलं, हे तर आमी बघितलं. आता गावात जाऊन काय सांगू?”

“सांगा की लोकांनी कुंकू टाकलं म्हणून.”

मग शाळेतल्या बाई बोलल्या. आवाज मऊ, पण मला ते अजून ऐकू येतं. “आपल्या विहारातबी जयंतीला माळा लावणारच हायत ग. हार घालणारच. पोरं चार मोबाइल जास्तीचे लावणारच. तू रोज यायची हायस का पुसायला?”

गणितात मी दोन दिवसांचे ढग धरले होते. माणसं धरली नव्हती. खरं तर धरायला पाहिजे होती असंही मला वाटत नाही. मला वाटतं, माणसांनी जरा ऐकायला पाहिजे होतं. एवढ्या जणांना सांगितलं, एकानं तरी ऐकायचं.

तेवढ्यात माइकवर बक्षिसं सुरू झाली. पहिला क्रमांक कोणाचा, तर आमचा. मी वळून बघितलं तर घर पुन्हा लखलखतंय. सेलूवाल्यानं पिन परत खोचली होती. सर मला हातवारे करून बोलवत होते. मी जाणार नव्हते, पण काकांनीच पाठीवर हात ठेवून पुढं ढकललं, “जा, पोरी, बोलवायलेत.” व्यासपीठावरून मला ते तिघं दिसत होते. पांढऱ्या कपड्यातले, सगळ्यांपेक्षा जोरात टाळ्या वाजवणारे. त्यांना खरंच आनंद झाला होता, आणि मला रडू येत होतं ते लोकांना आनंदाचं वाटलं. शेजारी सेलूवाला दात काढून उभा. फोटो निघाला. मग त्यांची परतीची गाडी होती, ते गेले.

त्याच महिन्यात झरीला जनरेटर आला.

मी आता नोकरीला आहे. सुट्टीत गावी गेले की अभ्यासिकेत एक चक्कर होतेच. तो फोटो काकांनी मोठा करून, फ्रेम करून तिथं भिंतीवर लावलाय, पोरांपुढं आदर्श पाहिजे म्हणून. खाली रंगात लिहिलंय, आपल्या वस्तीची इंजिनिअर. जनरेटर मागच्या भिंतीला आहे. तो असा भडभडतो की आत एकमेकांचं बोलणं ऐकू येत नाही, वाचणं तर लांबच. म्हणून पोरांनीच तोडगा काढलाय. लाईट गेली की जनरेटर लावत नाहीत, मोबाइलचा उजेड पुस्तकावर धरून बसतात. ह्या दिवाळीतही मी गेले तेव्हा तशीच बसली होती. तेवढ्या उजेडात फोटो काही दिसत नव्हता, ते एक बरं होतं.

काका दाराशी खुर्ची टाकून बसले होते. मला बसायला दिली, स्वतः पायरीवर बसले. आता थकलेत. बराच वेळ इकडचं तिकडचं झालं. मग त्यांनी विचारलं, “ते तुझं घर हाय का ग अजून?”

“आहे, काका. कॉलेजात दर्शनी भागात ठेवलंय, काचेच्या कपाटात. आलेल्या पाहुण्यांना आधी तेच दाखवतात.”

“मग चालतंय का?”

आतली पोरं मान खाली घालून वाचत होती. मी म्हटलं, “चालतंय. लाईट असली की.”